पाच आठवडे पुण्यात, घरामागे हॉट टब आणि बाहेर उणे वीस: चालू ठेवावा की रिकामा करावा?

हिमगौरी | ३ नोव्हेंबर, रात्री ९.१०

नमस्कार. गेल्या जूनमध्ये आम्ही मिनेसोटातल्या मिनियापोलिसच्या एका उपनगरात घर घेतले आणि घराबरोबर मागच्या डेकवरचा सहा माणसांचा हॉट टबही आमच्या पदरात पडला. त्यात साधारण ४०० गॅलन, म्हणजे दीड हजार लिटर पाणी मावते. त्याला २४० व्होल्टची स्वतंत्र जोडणी आहे आणि कव्हर जुने असले तरी फाटलेले नाही. उन्हाळ्यात आम्ही त्याच्याकडे फारसे फिरकलो नाही, पण बाहेर बर्फ भुरभुरत असताना गळ्यापर्यंत ३९ अंशांच्या पाण्यात बसणे म्हणजे काय सुख असते ते आता कळू लागले आहे.

अडचण अशी की १४ डिसेंबर ते २० जानेवारी आम्ही पुतणीच्या लग्नासाठी पुण्यात असू. रसायने जिथून आणते त्या दुकानातले गृहस्थ म्हणाले, सरळ रिकामा करून जा. डावीकडचे शेजारी म्हणाले की अजिबात करू नका, मी पंचवीस वर्षांत हिवाळ्यात कधी केलेला नाही. माझ्या नवऱ्याने मध्यममार्ग सुचवला आहे: निम्मे पाणी काढावे, तापमान खाली आणावे आणि देवाचे नाव घेऊन विमानात बसावे. ज्यांनी असा हिवाळा प्रत्यक्ष काढला आहे त्यांचा अनुभव ऐकायला आवडेल.

पाना_पकड | ३ नोव्हेंबर, रात्री १०.४२

कॅनडातल्या एडमंटनमध्ये चौदा हिवाळे काढले, त्यातले अकरा टबासह. सर्वप्रथम आपल्या यजमानांना सांगा की दोन्ही मार्ग बरोबर आहेत, फक्त त्यांचा मध्यममार्ग चूक आहे. पाणी निम्मे केले की त्याची पातळी स्किमरच्या, म्हणजे पंपाकडे पाणी ओढून घेणाऱ्या वरच्या तोंडाच्या, खाली जाते, पंप पाण्याऐवजी हवा ओढतो, प्रवाह नाही असा संदेश देऊन हीटर बंद पडतो आणि मग उरलेले निम्मे पाणी निवांतपणे गोठते. चालू ठेवायचा असेल तर पाणी काठोकाठ ठेवा. रिकामा करायचा असेल तर असा करा की आत चमचाभर पाणीसुद्धा राहता कामा नये.

आजोळकर | ३ नोव्हेंबर, रात्री ११.०५

आमच्या आजोळी तांब्याचा बंब होता. सकाळी दोन गोवऱ्या आणि चार लाकडे घातली की पाणी उकळत असे, आणि पाच आठवडे गावाला जाताना तो उपडा घातला की देखभाल संपली. प्रगतीबद्दल आपणा सर्वांचे अभिनंदन.

केरीकर | ४ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

चालू ठेवण्याच्या बाजूने माझे एक मत. आजकालच्या बहुतेक टबांमध्ये गोठण्यापासून संरक्षणाची सोय असते. पाण्याचे तापमान पाचसात अंशांपर्यंत उतरल्याचे सेन्सरला कळले की पंप आपोआप सुरू होऊन पाणी फिरवत राहतो. त्यामुळे तापमान १५ अंशांवर आणून ठेवले तरी टब गोठणार नाही आणि पाच आठवड्यांचे बिल वाचेल. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात दरवर्षी असेच करतो.

अंशात्मक | ४ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

केरीकरांचे म्हणणे त्यांच्या हवेपुरते ठीक आहे, पण मिनेसोटासाठी त्यातली दोन्ही गृहीतके तपासून पाहू.

आधी बिल. उष्णता किती वेगाने बाहेर जाते, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. बाहेर सरासरी उणे १५ धरले, तर ३९ अंशांच्या पाण्यासाठी हा फरक ५४ आणि २७ अंशांच्या पाण्यासाठी ४२ होतो. म्हणजे पाणी चांगलेच कोमट केले तरी खर्च जेमतेम बावीस टक्क्यांनी उतरला. मॅडिसनमध्ये माझ्याच टबाला जानेवारीत साधारण ४०० युनिट लागतात. युनिटला पंधरा सेंट धरले, तर पाच आठवड्यांत वाचतील पंधराएक डॉलर. १५ अंशांपर्यंत उतरलात तर तीस डॉलर वाचतील.

आता वीज गेली तर काय होईल ते पाहू. दीड हजार लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे पावणेदोन युनिट लागतात. म्हणजे ३९ अंशांचे पाणी ही ६८ युनिटांची ठेव आहे आणि १५ अंशांचे पाणी २६ युनिटांची. उणे १५ मध्ये पहिली टाकी शून्यावर यायला माझ्या हिशेबाने नऊ दिवस लागतात, दुसरीला पाच. म्हणून माझ्या मते कडाक्याच्या थंडीत तापमान फार उतरवणे म्हणजे तीस डॉलरसाठी चार दिवसांची ठेव मोडणे होय.

केरीकर | ४ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

गणित मान्य. पण नऊ दिवस हाताशी असतील तर घाबरण्याचे कारणच उरत नाही, नाही का?

पाना_पकड | ४ नोव्हेंबर, दुपारी १.२०

नऊ दिवस टाकीतल्या पाण्यासाठी आहेत, नळ्यांसाठी नाहीत. टाकीत दीड हजार लिटर एकत्र असते, पण टबाभोवतीच्या कॅबिनेटच्या आत बोटाएवढ्या जाडीच्या नळ्यांचे जाळे असते आणि पंपाच्या पोटात तर वाटीभरच पाणी असते. वाहते आहे तोवर ते टाकीएवढेच गरम असते. पंप थांबला की बाहेरचा गारठा आधी तिथे पोहोचतो, आणि आतली फोमची भर जुनी किंवा अर्धवट असेल तर उणे पंचवीसच्या वाऱ्यात एका रात्रीत काम होते. गोठताना पाणी नऊ टक्क्यांनी फुगते आणि त्याला जागा द्यायला नळ्या जोडणारी प्लास्टिकची युनियन तडकते.

आणि ज्या संरक्षणाबद्दल केरीकर बोलत आहेत, ते विजेवर चालते. ब्रेकर पडला की संरक्षणही पडले.

ऑस्टिनकर | ४ नोव्हेंबर, दुपारी २.०५

याला माझी पुस्ती. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये लाखो घरांची वीज गेली, त्यात आमचेही घर होते. आमच्या पोहण्याच्या तलावाला जोडलेला स्पा आहे आणि त्याची सगळी यंत्रणा अंगणात उघड्यावर आहे. संरक्षणाची सोय होती, वीज नव्हती. पहिल्या दिवशी आम्ही नळ्यांना गोधड्या गुंडाळल्या, दुसऱ्या दिवशी फिल्टरचे भांडे फुटल्याचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू आला आणि तिसऱ्या दिवशी घरातले नळही बंद पडल्यावर आम्ही त्याच स्पामधले पाणी बादल्यांनी शौचालयात ओतत होतो. पंपाच्या तळाचे बूच काढून पाणी सोडून द्यावे, एवढे जरी कुणी पहिल्या तासात सांगितले असते तर पंप वाचला असता.

केरीकर | ४ नोव्हेंबर, दुपारी ४.५०

शब्द मागे घेतो. आठवले, २०२२ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्याकडेही पाळीपाळीने वीज बंद केली होती, तेव्हा आम्ही सगळ्यांनी भारनियमन या आपल्या जुन्या शब्दाची उजळणी केली होती. वीज आली तेव्हा टब आपोआप सुरू झाला, मात्र त्याचे घड्याळ पुन्हा बारावर गेले होते आणि फिल्टरच्या वेळा सगळ्या बदलल्या होत्या. हे मला आठ दिवसांनी कळले.

नाडीपरीक्षा | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०

माझा व्यवसाय प्रयोगशाळेतला असल्यामुळे पाइपांबद्दल काही सांगू शकत नाही, पण पाण्याबद्दल सांगते, कारण धाग्यात अजून त्याविषयी कुणी चकार शब्द काढलेला नाही.

लेजिओनेला नावाचा जिवाणू १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका अधिवेशनानंतर पसरलेल्या न्यूमोनियामुळे प्रथम ओळखला गेला. तो साधारण २५ ते ४५ अंशांच्या पाण्यात उत्तम वाढतो, म्हणजे हॉट टब हे त्याचे हक्काचे घर आहे. तापमान २७ वर आणल्याने तो निघून जात नाही. तो पाणी पिण्यातून नव्हे, तर जेट (पाण्याचा झोत सोडणारी तोंडे) सुरू केल्यावर जे सूक्ष्म तुषार उडतात ते श्वासावाटे आत गेल्याने फुप्फुसांपर्यंत पोहोचतो. त्वचेवर पुरळ उठवणारा स्यूडोमोनास त्याच्या शेजारीच राहतो. दोघांवर इलाज एकच: निर्जंतुक द्रव्य सतत असले पाहिजे. क्लोरीन निदान ३ पीपीएम (दहा लाख भागांत तीन) किंवा ब्रोमीन निदान ४ पीपीएम, आणि पीएच ७.० ते ७.८ च्या दरम्यान.

गरम पाण्यात क्लोरीन भराभर उडून जाते. जाताना मूठभर दाणेदार क्लोरीन टाकून पाच आठवडे निश्चिंत राहता येईल असे समजू नका. तो साठा चारसहा दिवसांपलीकडे टिकणार नाही.

हिमगौरी | ४ नोव्हेंबर, रात्री ९.००

सगळ्यांचे आभार. झोप उडाली आहे, पण आभार. आम्ही सध्या डायक्लोर, म्हणजे दाणेदार क्लोरीन, वापरतो. मग तरंगत्या डबीत क्लोरीनच्या गोळ्या घालून ठेवल्या तर चालेल का?

पाना_पकड | ४ नोव्हेंबर, रात्री ९.३५

पोहण्याच्या तलावासाठी मिळतात त्या ट्रायक्लोरच्या गोळ्या कृपया टाकू नका. त्या अतिशय आम्लधर्मी असतात, डबी एका कोपऱ्यात अडकून बसली की तिथल्या अॅक्रिलिकवर पांढरा चट्टा उठतो. तरंगत्या डबीसाठी ब्रोमीनच्या गोळ्या योग्य. त्या सावकाश विरघळतात आणि गरम पाण्यात ब्रोमीन क्लोरीनपेक्षा जास्त तग धरते. मात्र क्लोरीनच्या पाण्यात मध्येच ब्रोमीन सुरू करण्यापेक्षा पाणी बदलून, टाकी पुसून, नव्या पाण्यात सुरू करा. तसेही आपले पाणी डिसेंबरपर्यंत तीन महिन्यांचे होईल. ते नोव्हेंबरातच बदला, जमीन गोठण्याआधी. जानेवारीत बदलायला गेलात तर सोडलेल्या पाण्याची ड्राइव्हवेवर स्केटिंगची रिंक होते.

कुंपणावरचा | ५ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

हे सगळे वाचून मी टब घेण्याचा विचार रद्द केला आहे. धागा फार उपयुक्त आहे, चालू ठेवा.

सेंटपॉलची_सासू | ५ नोव्हेंबर, सकाळी १०.२५

रिकामा करण्याबद्दल माझी कहाणी ऐका आणि मग काय ते ठरवा. तीन वर्षांपूर्वी मुलाकडे सिंगापूरला अडीच महिने जायचे होते म्हणून आम्ही टब रिकामा केला. तळाचा नळ उघडला, सात तास पाणी वाहिले, उरलेले मी स्वतः आत उतरून स्पंजने टिपले, फिल्टर काढून धुऊन तळघरात ठेवले. टाकी इतकी कोरडी होती की त्यात पापड वाळत घालावेत. मार्चमध्ये परत आलो, पाणी भरले, आणि कॅबिनेटच्या खालून पाण्याचा ओघळ डेकवर येऊ लागला. दार उघडले तर पंपाचे कवच उभे चिरलेले, दोन युनियन फुटलेल्या. दुरुस्तीवाल्याने विचारले, "नळ्यांमध्ये हवा मारली होती का?" मी म्हटले, टाकी तर कोरडी होती. तो नुसता हसला आणि मग त्याने बिल दिले, तेव्हा हसण्याची पाळी संपली. बावीसशे डॉलर.

पाना_पकड | ५ नोव्हेंबर, दुपारी १२.५०

सासूबाईंच्या अनुभवाचे मर्म असे आहे की टाकी रिकामी होणे म्हणजे टब रिकामा होणे नव्हे. मी दोनदा केले आहे, ते कसे केले ते सांगतो.

ब्रेकर बंद करून पाणी सोडले. मग ओले-कोरडे दोन्ही ओढणारा मोठा व्हॅक्यूम घेऊन त्याची नळी मागच्या, म्हणजे हवा फेकणाऱ्या तोंडाला लावली आणि एकेका जेटवर दाबून धरली. बाजूचे जेट ओल्या टॉवेलने झाकले, नाही तर हवा जवळचा रस्ता पकडते. माझ्या टबात ४२ जेट आहेत. पहिल्या फेरीत पाणी खळाळत आले, दुसऱ्या फेरीत थुंकल्यासारखे, तिसऱ्या फेरीत नुसता दमट वारा. मग कॅबिनेट उघडून दोन्ही पंपांच्या तळाची छोटी बुचे काढली, आणि पंपाच्या व हीटरच्या दोन्ही बाजूंच्या युनियन हाताने सैल केल्या. हीटरच्या नळकांड्यातून तेव्हाही पेलाभर पाणी पडले, आणि नेमके तेच पेलाभर पाणी महागात पडते. जेटचे व हवेचे सगळे नॉब अर्ध्यावर ठेवले. शेवटी गुलाबी रंगाचे, आरव्हीसाठी (घरासारख्या राहत्या गाडीसाठी) मिळते ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचे अँटिफ्रीझ, म्हणजे न गोठणारे द्रव, स्किमरमधून आणि जेटांमधून ओतले. मोटारीचे अँटिफ्रीझ चालत नाही. त्यातले एथिलीन ग्लायकॉल विषारी असते.

पहिल्या वेळी मला पूर्ण शनिवार लागला. दुसऱ्या वेळी पाच तास. एवढा उपद्व्याप पाच आठवड्यांसाठी करावा असे मला वाटत नाही, तीन महिन्यांसाठी जरूर करावा.

अंशात्मक | ५ नोव्हेंबर, दुपारी १.३०

म्हणजे पाच आठवड्यांसाठी टब चालू ठेवणे, याचा खरा प्रश्न विजेचे बिल हा नाही. ब्रेकर पडल्यावर साधारण एक दिवसाच्या आत ते कुणाच्या तरी लक्षात येईल का, एवढाच आहे.

केरीकर | ५ नोव्हेंबर, दुपारी १.४५

वायफायचे मॉड्यूल बसवा, पुण्यात बसून फोनवर तापमान दिसेल.

अंशात्मक | ५ नोव्हेंबर, दुपारी २.००

दिसेल, आणि वीज गेल्यावर राउटरही बंद पडल्यामुळे काहीच दिसणार नाही. काहीच न दिसणे हीदेखील सूचनाच आहे, हे मान्य. पण रात्री दोन वाजता पुण्याहून फोन केल्यावर उठून ब्रेकरपाशी जाणारा माणूस ॲपमध्ये मिळत नाही.

आजोळकर | ५ नोव्हेंबर, दुपारी २.२०

मूळ हिमगौरीला सात बुटके लाभले होते, आपल्या हिमगौरीला एका शेजाऱ्यावर भागवायचे आहे.

नाडीपरीक्षा | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.१५

एक तरी खात्रीचा मिळाला तर पुरे. त्याला आठवड्यातून एकदा पट्टीने पाणी तपासायला आणि डबीत गोळ्या घालायलाही सांगता येईल. परतल्यावर मात्र थकलेल्या अंगाने थेट पाण्यात उतरू नका. आधी ब्रोमीन आणि पीएच तपासा, शॉक द्या (म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या रसायनाची मोठी मात्रा एकदम टाका), कव्हर उघडे ठेवून पंप चालवा, आणि तेव्हा तुषारांपासून दूर उभ्या राहा. पाणी गढूळ असेल किंवा काठाला बोट लावल्यावर चिकट थर हाताला लागत असेल, तर ते पाणी सुधारण्याच्या फंदात न पडता बदला.

सेंटपॉलची_सासू | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.००

कव्हरला कुलूप आणि वाऱ्यासाठी पट्टे लावायला विसरू नका. आसपास मुले आहेत आणि घरात कुणी नाही, हे ध्यानात ठेवा. शेजाऱ्यांना सांगा की कव्हरवरचा बर्फ मऊ झाडूने लोटावा, फावड्याने खरवडू नये. आमच्या यजमानांनी फावडे मारले होते. त्या चिरेतून फोमने दोन महिने पाणी प्यायले.

हिमगौरी | १२ डिसेंबर, रात्री १०.३०

निर्णय झाला. टब चालू ठेवून जात आहोत. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी बदलले. आधी क्लोरीन उतरू दिले आणि मग लांब नळीने पाणी हिरवळीवर सोडले. आता ब्रोमीनवर आहोत. तापमान ३७ वर ठेवले आहे, त्यामुळे अंशात्मकांची ठेव फारशी मोडलेली नाही आणि नवऱ्याला काहीतरी कमी केल्याचे समाधानही मिळाले. फिल्टर धुतले. पूर्वी फिल्टरचा पंप दिवसातून दोनदा चारचार तास चालत असे, आता दर सहा तासांनी दोन तास चालतो. एकूण वेळ तेवढाच राहतो, पण पाणी फार वेळ थांबून राहत नाही.

पंचवीस वर्षे टब रिकामा न करणारे शेजारी दिवसाआड येणार आहेत. ब्रेकरच्या डब्याच्या आतल्या बाजूला मी कागद चिकटवला आहे: पडद्यावर किती आकडा दिसायला हवा, पाणी कुठल्या रेघेपर्यंत हवे, ब्रेकर पडला तर एकदाच वर करावा, लगेच पुन्हा पडला तर हात न लावता दुरुस्तीवाल्याला बोलवावे. खाली त्याचा क्रमांक लिहिला आहे. शेजारचे काका कागद वाचून म्हणाले, "इतक्या सूचना मला लग्नात भटजीनेही दिल्या नव्हत्या" अशा अर्थाचे काहीतरी.

हिमगौरी | २४ जानेवारी, सकाळी ११.१५

परतलो. टब शाबूत आहे, पण थोडक्यात वाचला.

७ जानेवारीला संध्याकाळी चार वाजता शेजारी आले तेव्हा पडद्यावर काहीच नव्हते. बाहेर उणे चोवीस होते. त्यांनी कागद वाचला, ब्रेकर वर केला, पंप आधी नुसता गुणगुणला आणि मग आवाज बदलून पाणी फिरू लागले. काही मिनिटांनी आकडा आला: ८४ फॅरनहाइट, म्हणजे २९. त्यांनी पाठवलेला फोटो मी लग्नाच्या आदल्या दिवशी भर पहाटे पाहिला आणि हळदीला जाण्यापूर्वी इथे लिहिण्याचे त्राण उरले नव्हते. ब्रेकर पुन्हा पडला नाही.

काल पाणी तपासले. ब्रोमीन ३, म्हणजे कमी भरले; पीएच ७.६. पाणी स्वच्छ होते, चिकट थर नाही. शॉक दिला आहे, आज रात्रीपर्यंत वाट पाहणार.

अंशात्मक | २४ जानेवारी, दुपारी १२.४०

३७ वरून २९ वर यायला उणे चोवीसच्या हवेत, माझ्या टबाचे आकडे धरले तर, साधारण चोवीस तास लागतात. म्हणजे ब्रेकर ६ तारखेला संध्याकाळच्या सुमारास पडला असावा.

हिमगौरी | २४ जानेवारी, दुपारी १.१०

आत्ताच शेजाऱ्यांना विचारले. ६ तारखेला संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांच्याकडे दिवे दोनदा लुकलुकले होते आणि मायक्रोवेव्हचे घड्याळ त्यांना पुन्हा लावावे लागले होते. ५ तारखेला ते येऊन गेले होते. पुढच्या वर्षी दिवसाआड नाही, थंडीची लाट असेल तेव्हा रोज, असे ठरवले आहे. त्यांनी मोबदला म्हणून बाकरवडीची दोन पाकिटे आणि शुक्रवारची संध्याकाळ मागितली आहे, टबातली.

एक नवा उद्योग मात्र निघाला. कव्हर उचलायला आम्हा दोघांना जोर लावावा लागला आणि शिवणीतून पाणी ठिबकते आहे, तेव्हा नवे मागवायचे आहे. कंपनीला कोपऱ्याची त्रिज्या हवी आहे. गोल कोपऱ्याची त्रिज्या मोजायची कशी?

पाना_पकड | २४ जानेवारी, दुपारी ३.००

लांब, सरळ दोन पट्ट्या घ्या. एक टबाच्या एका बाजूला टेकवून कोपऱ्याच्या पुढे जाऊ द्या, दुसरी लगतच्या बाजूला तशीच, म्हणजे दोन्ही कोपऱ्याच्या बाहेर काटकोनात एकमेकींना भेटतील. त्या भेटीच्या बिंदूपासून जिथे टबाची कडा पट्टीपासून वळायला लागते तिथपर्यंतचे अंतर, ती त्रिज्या. चारही कोपरे मोजा, आणि मापे टबाच्या कडेची घ्या, जुन्या कव्हरची नव्हे. पाणी प्यालेले कव्हर फुगलेले असते.

हिमगौरी | २४ जानेवारी, दुपारी ४.२०

तीन कोपरे सात इंच, चौथा सव्वासात. चौथ्यावर बर्फ होता, तो काढून पुन्हा मोजते.